गार्ड कुठे आहे?

परवा एक फोटो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. कुठल्याशा कौशल्य प्रशिक्षण केंद्राचा समारोप. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या एका केंद्राशी नाही. वीस-बावीस मुलं-मुली रांगेत उभी, हातात प्रमाणपत्रं, मध्ये शाल-श्रीफळवाले पाहुणे, मागे फ्लेक्स. कोर्स फर्निचर बनवण्याचा. आणि फ्लेक्सच्या डाव्या कडेला, अर्धी फोटोत अर्धी बाहेर, एक टेबल सॉ. नवी कोरी, रंगसुद्धा उडालेला नाही. ब्लेड पूर्ण वर चढवलेलं. वर गार्ड नाही. ब्लेडच्या मागे जी पाचर असायला हवी, ती नाही. आणि मशीनवर रेलून पोज देणाऱ्या मुलाच्या हातात पांढरे सुती हातमोजे. सुरक्षेसाठी!

खाली अभिनंदनाचा पाऊस. मी एवढंच लिहिलं, "गार्ड कुठे आहे?" तासाभरात कॉमेंट गायब. संध्याकाळी इनबॉक्समध्ये एका गृहस्थांचा निरोप: "दादा, पोरं काहीतरी शिकतायत, त्यात खोट काढू नका. आणि गार्ड लावून कुणी काम करतं का?"

या शेवटच्या वाक्यासाठी ही पोस्ट लिहितोय. मोठी आहे. तुमच्या घरात फर्निचरचं काम चालू असेल किंवा दिवाळीआधी काढायचं असेल, तर ती तुमच्यासाठीही आहे.

आधी माझं सांगतो, म्हणजे 'तुम्हाला यातलं काय कळतं' हा प्रश्न मिटेल. बावीस वर्षं लाकडात आहे. डाव्या तर्जनीचं टोकाचं पेर नाही. ते गेलं मशीन शिकण्याच्या पहिल्याच वर्षी. शिकण्याच्या म्हणजे कुणी शिकवत नव्हतं, बघून बघून उचलत होतो. आपल्याकडे १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. कुठलं बोट गेलं की माणसाची कमाईची ताकद किती टक्के गेली, हे त्यात छापलेलं होतं. अंगठा ३०. तर्जनी पूर्ण गेली तर १४. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. तर्जनीचं एक पेर ९. म्हणजे सरकारी हिशेबात मी नऊ टक्के कमी. मिळालं काहीच नाही, कारण असं काही मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. ज्यांच्याकडे काम करत होतो ते मालक म्हणाले, "आता तू खरा सुतार झालास." सगळे हसले. मीही हसलो. हळद लावून, चिंधी बांधून संध्याकाळपर्यंत कामावर होतो.

बोट गेल्याशिवाय सुतार होत नाही, ही म्हण तुम्ही कुठल्याही टिंबर मार्केटात ऐकाल. पुण्यात भवानी पेठेत ऐका, कोल्हापुरात ऐका. मला आता या म्हणीचा संताप येतो. स्वयंपाक शिकताना घर पेटवल्याशिवाय सुगरण होत नाही, असं आपण म्हणतो का?

तर, गार्ड लावून कुणी काम करतं का. मशीन काय करते ते आधी बघू.

टेबल सॉ म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल ब्लेड. दहा इंची ब्लेड मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याचे दात ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असतात. पुढच्या बाजूचे दात वरून खाली जातात, त्यामुळे फळी टेबलावर दाबली जाते आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. मागच्या बाजूचे दात मात्र खालून वर येतात. कापलेली फट मागे आवळली, किंवा फळी जराशी तिरकी होऊन त्या मागच्या दातांना टेकली, की ते दात फळी उचलतात आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर फेकतात. याला किकबॅक म्हणतात. लोकांना वाटतं, फळी पोटात बसेल एवढाच धोका. तो आहेच. पण फळी ढकलणारे हात त्या वेळी जोर लावून असतात. खालची फळी एका क्षणात नाहीशी झाली की हात आपल्याच जोराने पुढे जातो, किंवा फळीबरोबर ओढला जातो, आणि तिथे ब्लेड असतं. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. "मी सावध असतो हो" याला इथे काही अर्थ नाही. सावध मीही होतो.

फट का आवळते? झाड सरळसोट वाढत नाही. उतारावर असतं, वाऱ्याच्या बाजूने वाकलेलं असतं, एका अंगाला ऊन जास्त मिळालेलं असतं. तो ताण फळीत तसाच राहतो. फळी उभी चिरायला घेतली की ताण सुटतो आणि चिरलेले दोन भाग कधी एकमेकांपासून लांब जातात, कधी एकमेकांवर दाबले जातात. लाकूड नीट वाळलेलं नसेल तर विचारूच नका. हे मला एका जुन्या मिस्त्रींनी दाखवलं. ते हाताच्या करवतीने लांब फळी चिरायचे. करवत जड लागायला लागली की थांबायचे, खिशातून लाकडाची एक बारीक पाचर काढायचे, चिरलेल्या फटीत ठोकायचे आणि पुढे सुरू. मोठमोठे ओंडके दोन माणसं वर-खाली उभी राहून चिरायची, तेव्हाही फटीत अशाच पाचरी मारायचे.

टेबल सॉच्या ब्लेडमागे जो पोलादी पत्रा असतो, ज्याला रायव्हिंग नाइफ म्हणतात, तो म्हणजे ही पाचरच. ब्लेडच्या लगेच मागे उभी राहते, ब्लेडबरोबर वर-खाली होते, फट मिटू देत नाही आणि फळीला मागच्या दातांवर जाऊ देत नाही. आपल्या आज्या-पणज्याच्या खिशातली वस्तू. नव्या चांगल्या मशीनबरोबर ती खोक्यातच येते, वेगळे पैसे पडत नाहीत. आणि आपण काय करतो? पहिल्याच दिवशी काढून ठेवतो.

का काढतात, तेही सांगतो, कारण काढणारा प्रत्येक जण मूर्ख नसतो. बऱ्याच मशीनवर गार्ड त्या पाचरीवरच बसवलेलं असतं. फळीत आरपार न जाणारी खाच मारायची असेल तर गार्ड आड येतं, म्हणून काढावं लागतं. काढलेलं परत लावायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं कुणी देत नाही. मग ते गार्ड कपाटाच्या मागे जातं, धूळ खातं, आणि वर्षभराने कामाला लागलेल्या नव्या पोराला मशीनला असलं काही असतं हेच माहीत नसतं. त्याच्या दृष्टीने मशीन अशीच असते. माझा मुद्दा नेमका हा आहे. जुन्या दुकानात गार्ड नाही याचं मला दुःख आहे, पण नवल नाही. शिकवण्याच्या जागी गार्ड नाही, याला मात्र माफी नाही. तिथे आपण गार्ड नसलेली मशीन म्हणजे 'मशीन' असं नव्या माणसाच्या डोक्यात छापतोय, वर त्याला शिक्का मारलेला कागद देतोय.

आणि ते हातमोजे! फिरत्या ब्लेडजवळ सुती हातमोजे घालायचे नसतात, हा लाकूडकामाच्या मशीनचा अगदी पहिल्या इयत्तेतला धडा आहे. दात बोटाला लागला तर बोट कापतं. दात कापडात अडकला तर अख्खा पंजा आत ओढला जातो. ज्या केंद्राला हे माहीत नाही, त्याने बाकी काय शिकवलं असेल याचा अंदाज करा. खरबरीत फळ्या उचलायला मोजे जरूर घाला. मशीन चालू करायच्या आधी काढा. अंगठी, कडं, मनगटाचा गंडा, लोंबणारी ओढणी, सगळ्याला हेच.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी आजवर लिहिली नव्हती.

सहा-सात वर्षांपूर्वी एका फ्लॅटमध्ये माझ्याकडे वॉर्डरोबचं काम होतं. किचनचं काम दुसऱ्या ठेकेदाराकडे. त्याच्याकडे एकोणीस वर्षांचा एक मुलगा, गावाकडून येऊन चार महिने झालेले. त्यांनी साइटवर नेहमीची व्यवस्था केली होती. नेहमीची म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: फरशी कापायचा चार इंची मार्बल कटर घ्यायचा, त्याला लाकडाचं ब्लेड लावायचं, प्लायच्या तुकड्याला फट पाडून त्याच्याखाली कटर उलटा स्क्रूने आवळायचा, आणि बटण दाबलेल्या अवस्थेत टेपने गुंडाळून टाकायचं. झाली टेबल सॉ. हा कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो, म्हणजे दात ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर. पाचर नाही, गार्ड नाही, बंद करायला हाताशी बटण नाही. बंद करायचं तर भिंतीवरच्या बोर्डापर्यंत चालत जायचं.

दुपारी वीज गेली. मुलगा कटरभोवती अडकलेल्या ढलप्या हाताने काढायला लागला. वीज आली.

मधलं बोट आणि अनामिका. मुकादमाने बोटं उचलून थेट बर्फाच्या पिशवीत टाकली आणि रिक्षा केली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, बर्फ थेट लागला की मांस जळतं. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची असते. एवढं वाक्य आम्हा दहा-बारा जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं. बोटं जोडता आली नाहीत. तक्त्यात बघितलं तर एका हाताची दोन बोटं: २० टक्के. ठेकेदाराने हॉस्पिटलचं बिल भरलं आणि गावाला जायचं तिकीट काढून दिलं. त्या दिवशीच्या मानाने तो बरा माणूस म्हणायचा.

आणि मी तो उलटा कटर सकाळीच पाहिला होता. बटणाला गुंडाळलेली टेपही पाहिली होती. मनात आलं, सांगावं. मग वाटलं, दुसऱ्याची माणसं, दुसऱ्याचं काम, आपल्याला शटर लावायचेत. फ्लॅटमालकही दोनदा येऊन गेले होते. त्यांनीही पाहिलं असणार. त्यांनी विचारलं ते एवढंच, "गुरुवारपर्यंत होईल ना?"

लोडशेडिंगच्या राज्यात राहतो आपण. वीज गेली आणि परत आली तर मशीन आपोआप सुरू होऊ नये म्हणून नो-व्होल्ट स्विच नावाची वस्तू असते. वीज गेली की तो पडतो, परत माणसाने दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. टेबल सॉच्या, रंधा मशीनच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ आहे. किती प्रशिक्षण केंद्रांत तो दाखवतात, सांगता येईल कुणाला?

"नियम नाहीत का?" असं विचाराल. आहेत की. महाराष्ट्राचे कारखान्यांचे नियम १९६३ चे. लाकूडकामाच्या मशीनसाठी त्यात वेगळं परिशिष्ट आहे. गोल करवतीच्या मागे पाचर हवी, वर गार्ड हवं, ढकलायला काठी हवी, हाताने सरकवायच्या रंधा मशीनला गोल रोळाचाच कटर हवा, सगळं लिहिलंय. साठ वर्षं झाली लिहून. पण ते कारखान्याला. कारखाना म्हणजे काय? मूळ १९४८ च्या कायद्यात वीज वापरून १० कामगार असले की कारखाना. महाराष्ट्राने तो आकडा २० केला. केंद्राच्या २०२० च्या नव्या संहितेतही २० च. आता मला सांगा, तुमच्या ओळखीच्या कुठल्या सुताराकडे वीस माणसं आहेत? तीन माणसांचं दुकान, पाच माणसांची साइट, बावीस विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण केंद्र, यातलं काहीच कारखाना नाही. जिथे बोटं जातात तिथे नियम नाही, आणि नियम आहे तिथे बहुतेक काम आपोआप चालणाऱ्या सीएनसी आणि पॅनेल सॉवर होतं.

पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल माझं मत वेगळं आहे असं काहींना वाटेल, म्हणून स्पष्ट लिहितो. १७ सप्टेंबर २०२३ ला ती सुरू झाली, अठरा पारंपरिक व्यवसाय त्यात आहेत, सुतारही आहे. ५ ते ७ दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, पुढे ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाखांपर्यंत कर्ज. योजनेला माझा विरोध नाही. हातात आधीच पिढ्यांचं काम असलेल्या कारागिराला आठवडाभराची उजळणी, ओळखपत्र आणि थोडं भांडवल मिळत असेल तर चांगलंच आहे. पण त्याला हाताचं काम येतं म्हणून मशीनही येते, असं धरून चालू नका. करवत आणि पटाशी चाळीस वर्षं चालवलेल्या माणसाला पहिल्यांदा राउटर हातात दिला, तर तो राउटरपुरता नवशिकाच असतो. कर्जाच्या पैशांतून तो मशीनच घेणार. मशीनची वेगळी परीक्षा कुठे आहे?

आणि तोच 'आठवडाभराचा' साचा आता सगळीकडे लागलाय. ज्याने आयुष्यात गुण्या हातात धरला नाही, त्याला दहा-पंधरा दिवसांत फर्निचर मेकर म्हणायचं. आयटीआयचा कारपेंटर ट्रेड पूर्ण एक वर्षाचा असतो, तोही पुरत नाही असं निदेशक स्वतः सांगतात. जर्मनीत सुताराची उमेदवारी तीन वर्षांची, आणि त्यात मशीनचे वेगळे कोर्स करावे लागतात. तिकडची माणसं बावळट आहेत म्हणून एवढा वेळ घेतात का?

शहरातल्या वीकेंड वर्कशॉपबद्दलही बोलू. 'दोन दिवसांत स्वतःचं स्टूल बनवा.' आयटीतली मुलं-मुली हौसेने येतात, पैसे मोजतात, आणि पहिल्या दिवशी दुपारी टेबल सॉवर उभी असतात, कारण रीलमध्ये करवत चांगली दिसत नाही, भुसा उडालेला चांगला दिसतो. भुशाचं सांगायचं तर, लाकडाची धूळ १९९५ पासून कर्करोगाला कारणीभूत पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. ही यादी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेची. एमडीएफच्या धुळीत वर फॉर्माल्डिहाइडवाला डिंक. तिथे तोंडाला रुमाल पुरत नाही. पण ते असो, तो वेगळा विषय आहे.

हौशी लोकांना मी हसत नाही. त्यांच्यामुळे या कामाला जरा मान यायला लागलाय. पण त्यांच्यात आणि त्या एकोणीस वर्षांच्या मुलात एक फरक आहे. हौशी माणूस "गार्ड लावा, नाहीतर मी करत नाही" असं म्हणू शकतो, त्याची नोकरी जात नाही. त्याने हे म्हणायलाच हवं. त्याने म्हटलं तर मालकाला गार्ड शोधावं लागेल, आणि एकदा लावलेलं गार्ड सोमवारी कामगारालाही मिळेल.

आता ठरलेले आक्षेप येतील. "आमच्या आजोबांनी कुठे गार्ड लावलं होतं?" आजोबांच्या हातात करवत होती. करवत तुम्ही थांबलात की थांबते. "गार्डने काम हळू होतं." होतं, थोडं. बोट गेल्यावर किती हळू होतं ते मला विचारा. "बोट लागताच थांबणारी मशीन निघाली आहे, ती आणा." निघाली आहे, खरं आहे. अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या माणसाने १९९९ मध्ये ती कल्पना काढली, कातडीचा स्पर्श ओळखून ब्लेड पाच मिलिसेकंदांत थांबतं. जरूर आणा. पण खोक्यातली फुकटची पाचर जो लावत नाही, तो लाखाची मशीन काय लावणार?

एक आक्षेप मात्र कुणी तोंडाने घेत नाही, वागण्यातून घेतात. बोटं कुणाची जातात? बहुतेक साइटवरची पोरं राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेली असतात, नाहीतर आपल्याच बीड-नांदेडची. ज्या घरात काम करतात, त्याच घरात भुशात झोपतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी 'वर्कशॉप' नावाचा विषय असायचा, आठवतं? लाकडाचा एक जोड करून द्यायचा. किती जणांनी तो स्वतः केला आणि किती जणांनी वर्कशॉपमधल्या मामांना शंभराची नोट देऊन करून घेतला, हे इथल्या इंजिनिअर मंडळींनी प्रामाणिकपणे सांगावं. मामांना काम येत होतं, पण ते सर नव्हते. सरांना काम येत नव्हतं, पण गुण ते देत होते. डोकं एकीकडे, हात दुसरीकडे. हातांचं काय झालं याची चौकशी डोकं करत नाही. वर्ध्याला १९३७ मध्ये नयी तालीमची चर्चा झाली तेव्हा हेच मोडायचं ठरलं होतं, पुढे मूलोद्योगांत सुतारकाम होतं. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हेच करून दाखवलं. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही.

नवशिक्याला शिकवायचं कसं? मी दर रविवारी चार-पाच जणांना शिकवतो, त्यातलं सांगतो. पहिले तीन रविवार मशीनला हात लावायचा नाही. पाट करायचा. जेवायला बसायचा साधा पाट, एक फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. त्यात सगळं येतं. करवत रेषेबाहेर जाते, मग कळतं खांदा कुठे हवा. रंधा उलट्या रेषेत मारला की लाकूड उपटतं, मग कळतं रेषा बघायची असते. खालच्या पट्ट्या पूर्ण डिंक लावून आवळल्या आणि पावसाळा गेला की फळी तडकते, मग कळतं की लाकूड आडवं फुगतं आणि आकसतं. आणि करवत कधीतरी अडकतेच. अडकली की मी पाचर देतो. हातात घेऊन ठोकायला लावतो. त्या माणसाला चौथ्या रविवारी टेबल सॉची पाचर कशाला, हे समजावून सांगावं लागत नाही.

चौथ्या रविवारी मशीन, पण प्लग काढलेला आणि प्लग शिकणाऱ्याच्याच खिशात. ब्लेड फळीच्या जेमतेम वर येईल एवढंच ठेवायचं. फेन्स लावायचा. छोटा तुकडा आडवा कापताना फेन्सला टेकवायचा नाही, तो मध्ये अडकून गोळीसारखा सुटतो. मग बंद ब्लेडवर पूर्ण काप करून दाखवायचा: फळीच्या शेवटाला डावा हात कुठे आहे? उजवा? ढकलायची काठी कधी उचलली? ब्लेडच्या रेषेत उभा आहेस की बाजूला? बंद करायचं बटण न बघता गुडघ्याने दाबून दाखव. हे दहा वेळा. मग वीज.

आणि एक परीक्षा आहे. शेवटच्या दिवशी चहाच्या वेळी, प्लग काढलेला असताना, मी गुपचूप गार्ड काढून ठेवतो. परत आल्यावर म्हणतो, "चला, प्लग लावा, सुरू करा." जो काही न बोलता बटणाकडे हात नेतो, त्याला मी तिथेच थांबवतो आणि पुढच्या रविवारी परत बोलावतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका फार रागावले होते, "तुम्ही सर आहात, तुम्ही सांगितलं म्हणून केलं." मी म्हटलं, काका, साइटवरही सांगणारा मोठाच असतो. एक नर्स आल्या होत्या, त्यांनी मशीनकडे एकदा बघितलं आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. "आधी लावा. मग मी सुरू करते." इतकं सोपं आहे ते.

मला सरकारकडून फार मोठं काही नको. लाकूडकामाचं प्रशिक्षण देणारं कुठलंही केंद्र, त्यात माणसं दोन असोत की दोनशे, १९६३ च्या त्या परिशिष्टात बसवा. मशीनचं प्रात्यक्षिक वेगळं घ्या आणि त्यात नापास होता येऊ द्या. आत्ता हजेरी लावली की पास. परीक्षकाने केंद्रात आल्यावर खुर्ची-टेबल बघण्याआधी मशीन बघावी, गार्ड नसेल तर त्या दिवशी परीक्षा रद्द. अनुदानाचा हप्ता त्याला जोडा, महिन्याभरात सगळी गार्डं कपाटामागून बाहेर येतील. आणि आपण, घरमालकांनी, साइटवर रोज चक्कर मारतो तेव्हा सनमायकाची शेड बघून झाली की एकदा खाली वाकून बघावं, कटर उलटा लावलाय का, बटणाला टेप आहे का. असेल तर काम थांबवा. ठेकेदार कुरकुर करेल, दिवस वाढतील. चार हजार जास्त मागेल, द्या.

त्या केंद्रातल्या निदेशकांपर्यंत ही पोस्ट पोहोचली तर एक विनंती आहे. तुमची मशीन नवीन आहे, फोटोत दिसतंय. ज्या खोक्यात ती आली ते खोकं अजून स्टोअरमध्ये असेल. त्यात तळाशी, थर्माकोलच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत एक पोलादी पत्रा आणि एक पारदर्शक झाकण असेल. बहुतेक पिशवी अजून फोडलेलीही नसेल. पुढची बॅच यायच्या आधी ती काढा. बसवायला एक पाना लागतो, तोही त्याच पिशवीत आहे.